पायाची रोहिणी : खरवडणी आणि फुग्याची निवड

पनवेल शहरातील वडाळे तळ्याभोवती सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींकडे थोडे लक्ष दिले, तर त्यांत एखादे गृहस्थ असे आढळतात की जे शंभर-दीडशे पावले चालतात आणि थांबतात. पोटरी हाताने दाबतात. दोन-तीन मिनिटांत कळ शमली की पुन्हा चालू लागतात आणि जवळजवळ तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा थांबतात. विचारले असता "आता वय झाले" किंवा "पायात वात आहे" असे उत्तर मिळते. घरी तेल चोळले जाते, शेक दिला जातो, गुडघ्याला पट्टा बांधला जातो. परंतु चालताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा यावा आणि उभे राहताच तो विरावा, ही वाताची रीत नव्हे. पायाला शुद्ध रक्त पुरविणारी रोहिणी आतून अरुंद झाल्याची ती खूण आहे.

या दुखण्याची पुढची पायरी अशी की, रात्री अंथरुणावर पडल्यावरही पाऊल ठणकू लागते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला म्हणजे बरे वाटते. त्यानंतर अंगठ्याची जखम भरत नाही, बोट काळे पडते आणि मग धावपळ सुरू होते. अशा वेळी नातेवाईक रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज घेऊन सरपंचांकडे, गावातील शिक्षकांकडे किंवा तहसील कार्यालयातील ओळखीच्या अधिकाऱ्याकडे येतात. शिफारसपत्र हवे असते, मदतनिधीचा अर्ज भरावयाचा असतो. त्या कागदावर अलीकडे दोन बाबी वारंवार दिसतात : 'ॲथेरेक्टॉमी', म्हणजे रोहिणीतील थर खरवडून काढणे, आणि 'औषधलेपित फुगा'. साध्या फुग्याच्या मानाने औषधलेपित फुग्याची किंमत कितीतरी अधिक असते. खरवडणीच्या उपकरणाचा खर्च निराळा. तेव्हा घरातील माणूस साहजिकच विचारतो, "हे सारे लागतेच का?" प्रश्न वैद्यकीय आहे, पण त्याचे उत्तर न कळल्यामुळे शेतजमीन गहाण पडते, म्हणून तो सार्वजनिकही आहे.

रोहिणीत होते काय?

निरोगी माणसाच्या मांडीतील मुख्य रोहिणीची रुंदी साधारणपणे ५ ते ६ मिलिमीटर असते. गुडघ्याखालील रोहिण्या त्याच्या निम्म्याच असतात. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील मेद यांमुळे रोहिणीच्या अस्तराखाली मेदाचा व तंतूंचा थर साचत जातो. कालांतराने त्यात चुना धरतो. आपल्याकडे पाण्याच्या जुन्या नळात कीटण धरते, तसाच हा प्रकार वाटेल. मात्र एक फरक लक्षात ठेवावयास हवा. नळातील कीटण नळाच्या आतल्या पृष्ठभागावर बसते. रोहिणीतील थर तिच्या भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली असतो. तो खरवडावयाचा म्हणजे भिंतीलाच हात घालावयाचा. पुढील साऱ्या तुलनेचे मर्म या एका गोष्टीत आहे.

येथे एक वेगळा रोगही नमूद करणे अवश्य आहे. तरुण वयात, बहुधा विडी ओढणाऱ्या पुरुषांत, हातापायांच्या लहान रोहिण्या दाह होऊन बंद पडतात. न्यूयॉर्कमधील डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले व त्यांचेच नाव त्यास मिळाले. त्यात खरवडण्याजोगा थर नसतोच. तेथे विडी, सिगारेट, मशेरी, तंबाखू सारे पूर्ण सोडणे हाच मुख्य उपचार होय. तिशी-पस्तिशीतील रुग्णाच्या कागदावर खरवडणी दिसली, तर रोग नेमका कोणता हे डॉक्टरांना आधी विचारावे.

फुगा आला कोठून

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांच्या एक बाई होत्या. पायाची बोटे सडू लागली होती आणि पाय कापून घेण्यास त्यांनी साफ नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीच्या अरुंद रोहिणीतून एकावर एक बसणाऱ्या, क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून ती वाट मोकळी केली. बाईंचा पाय वाचला. नळीच्या टोकाशी फुगणारा, ठरावीक आकाराचा फुगा बसविण्याची युक्ती पुढे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिच येथे साधली आणि १९७४ मध्ये ती प्रथम पायाच्याच रोहिणीत वापरली. हृदयाच्या रोहिणीत हा फुगा फुगला तो त्यानंतर, १९७७ साली. आज सामान्य माणसाला 'अँजिओप्लास्टी' म्हटले की हृदयच आठवते. पण तिचा जन्म पायात झाला आहे.

फुगा थर काढून टाकीत नाही; तो त्यास चिरतो व बाजूला दाबतो. त्यामुळे तीन अडचणी येतात. रोहिणीची भिंत रबरासारखी पुन्हा आत येते. अस्तराला चीर जाऊन त्याचा पापुद्रा रक्ताच्या वाटेत लोंबतो. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे, जखम भरून काढण्यासाठी भिंतीतील पेशी वाढू लागतात व काही महिन्यांत मोकळी केलेली वाट पुन्हा बुजते. पहिल्या दोन अडचणींवर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, हा उपाय निघाला. परंतु मांडीची रोहिणी प्रत्येक पावलागणिक वाकते, पिळते, ताणली जाते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, बैलगाडीवर चढणे, भातलावणीला दिवसभर कमरेतून वाकणे ही आपल्याकडील नित्याची कामे ध्यानी घेतली, तर तेथे धातूची जाळी कायमची ठेवण्यास डॉक्टर का कचरतात हे समजते. जाळी मोडू शकते व मोडलेल्या जागी पुन्हा अडथळा येऊ शकतो. म्हणूनच 'काम करून जावे, मागे काही ठेवू नये' अशा साधनाचा शोध सुरू झाला.

नंदुरबारचा धागा

तिसऱ्या अडचणीवर, म्हणजे पेशींच्या वाढीवर, जे औषध लागू पडले त्याची हकीकत महाराष्ट्राच्या वाचकाला जवळची वाटेल. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे संशोधन करीत होते. त्यांनी व डॉ. मन्रो वॉल यांनी पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून एक द्रव्य वेगळे केले व १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच पुढे पॅक्लिटॅक्सेल या नावाने कर्करोगावरील प्रमुख औषध ठरले. पेशींचे विभाजन रोखणे हे त्याचे काम. पनवेल तालुक्यातच, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथील वाचकाला हे नाव नवे नाही. गाठीतील पेशींना अडविणारे हे औषध अत्यल्प मात्रेत फुग्यावर लेपले, तर रोहिणीच्या भिंतीतील पेशींची वाढही थोपविता येईल, असा तर्क जर्मनीतील संशोधकांनी केला. फुगा दोन-तीन मिनिटे फुगवून धरावयाचा, तेवढ्यात लेपाचा काही भाग भिंतीत उतरतो, आणि फुगा बाहेर काढून घ्यावयाचा.

दुसरे औषध सिरोलिमस. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतील एका जीवाणूपासून ते निघाले. कॅनडात ते वेगळे करणारे डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी. सिरोलिमस लेपलेले फुगे आता सुरत येथे तयार होतात. पायाच्या रोहिणीत मात्र पॅक्लिटॅक्सेलइतका दीर्घ अनुभव या औषधाच्या गाठीशी नाही.

आकडे काय सांगतात

साधा फुगा आणि पॅक्लिटॅक्सेलचा फुगा यांची तुलना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्ण वाटून करण्यात आली. जर्मनीतील १५४ रुग्णांची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा उपचार करावा लागलेले रुग्ण साध्या फुग्याच्या बाजूला शेकडा ३७ होते; औषधी फुग्याच्या बाजूला शेकडा ४. नंतरच्या एका मोठ्या चाचणीत ३३१ रुग्ण होते. वर्षअखेर वाट मोकळी राहिलेले रुग्ण औषधी फुग्याने शेकडा ८२, साध्याने ५२. फेरउपचार अनुक्रमे शेकडा २.४ व २०.६. म्हणजे शंभर रुग्णांमागे सुमारे अठरा जणांची दुसरी खेप टळली. रुग्णालयाची दुसरी खेप म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडे, सोबतीच्या माणसाचा खोळंबा. हे धरले तर महाग फुगा नेहमीच महाग ठरतो असे नाही.

परंतु या आकड्यांच्या आड एक अट दडलेली आहे. दुसऱ्या चाचणीत ज्यांच्या रोहिणीत चुना फार धरला होता, असे रुग्ण घेतलेच नव्हते. आणि दीर्घकाळचा मधुमेह असलेल्या, डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत नेमका चुनाच फार असतो. चुन्याची भिंत फुग्याने नीट रुंद होत नाही व तिच्यातून औषधही आत पाझरत नाही. लेप वाया जातो. येथेच खरवडणीचा विचार पुढे येतो.

खरवडणीची बाजू

थर खरवडण्याची उपकरणे अनेक प्रकारची आहेत. डॉ. जॉन सिम्पसन यांनी १९८० च्या दशकात आणलेल्या पद्धतीत नळीच्या कडेला लहान पाते असते; ते थराचे कीस काढते व तो कीस टोकाच्या कप्प्यात साठतो. काही उपकरणांना हिऱ्याची कणी लावलेले फिरते टोक असते, काहींत लेझर किरण वापरतात. कीस निसटून खाली वाहत गेला तर पावलाकडील लहान वाटा तुंबतात, म्हणून पुष्कळदा खाली जाळीची गाळणी धरावी लागते. पाते खोल गेले तर भिंत फुटते. हे काम सरावाचे आहे, आणि ज्या रुग्णालयात ते वर्षाकाठी दोन-चारदाच होते तेथे त्याचा आग्रह धरू नये, असे आमचे मत आहे.

नुसत्या खरवडणीचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८०० रुग्ण होते. चालताना दुखणाऱ्या गटात वर्षअखेर शेकडा ७८ जणांची वाट मोकळी होती, आणि ज्यांचा पाय जाण्याच्या बेतात होता अशांपैकी शेकडा ९५ जणांचा पाय वर्षभर शाबूत राहिला. आकडे चांगले दिसतात. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शेजारचे शेत न पाहता आपल्या खताची तारीफ करावी, तसे ते आहे. शासकीय कागदपत्रे तपासणाऱ्या वाचकांना हा दोष चटकन उमजेल.

खरवडणीमुळे भिंत उघडी पडते. फुग्याने जी पेशीवाढ होते, ती येथेही होते. म्हणून खरवडल्यावर औषधी फुगा लावावा, असा विचार साहजिक होता. खरवडणीने औषधाला दार उघडावयाचे आणि औषधाने खरवडणीची जखम आवरावयाची, अशी ही जोडी. ती कसोटीवर चढविणारी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १०२ रुग्णांपैकी काहींना खरवडणी व औषधी फुगा, तर उरलेल्यांना नुसता औषधी फुगा देण्यात आला. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या टेबलावर जोडीचा फायदा स्पष्ट दिसला : रक्त अडविणारी चीर नुसत्या फुग्याने शेकडा १९ जणांत पडली, खरवडून मग फुगा लावल्यावर शेकडा २ जणांत. चीर कमी म्हणजे स्टेंटची गरज कमी. पण वर्षअखेर? मोकळी राहिलेली वाट शेकडा ८४.६ विरुद्ध ८१.३. फेरउपचार शेकडा ७.३ विरुद्ध ८. म्हणजे जवळपास सारखेच. चाचणी लहान होती, हे खरे. तरीही सरसकट प्रत्येक रुग्णाला आधी खरवडावे, असा अर्थ तिच्यातून निघत नाही.

आता कागदावरील मूळ प्रश्न. खरवडणी करावयाचीच ठरली, तर नंतर साधा फुगा लावावा की औषधी? जर्मनीतील रुग्णालयीन नोंदींवरून केलेल्या अभ्यासात औषधी फुग्याची सरशी दिसली. त्याच्या बाजूला पुन्हा बुजण्याचे प्रमाण बरेच कमी होते. परंतु मागाहून चाळलेल्या नोंदी आणि आधी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यांचे वजन सारखे नसते. खरवडणीच्या साऱ्या तुलनात्मक चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जो आढावा घेतला, त्यात अवघ्या सात चाचण्या व ५२७ रुग्ण सापडले, आणि पुरावा फार अनिश्चित असल्याचे त्यात नोंदविले गेले. तेव्हा मांडीच्या रोहिणीत, चुना फार असताना आणि स्टेंट टाळावयाचा असताना खरवडणी व औषधी फुगा ही जोडी समर्थनीय आहे. खरवडून वर साधाच फुगा लावणे हे आम्हास अर्धे काम वाटते. मोठा खर्च आधीच झालेला असतो आणि पुन्हा बुजण्याचा धोका तसाच उरतो. चुना थोडा असेल, तर खरवडणी वगळून नुसता औषधी फुगा पुष्कळदा पुरतो.

पाच वर्षांची धास्ती

डिसेंबर २०१८ मध्ये एका बातमीने खळबळ उडविली. २८ चाचण्यांतील ४,६६३ रुग्णांच्या एकत्रित हिशेबात, पॅक्लिटॅक्सेल वापरलेल्या रुग्णांचे मृत्यू दोन वर्षांनी शेकडा ७.२ व इतरांचे ३.८, तर पाच वर्षांनी १४.७ व ८.१ आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. जगभर या फुग्यांचा वापर घटला. स्वीडनमध्ये त्या वेळी मोठी चाचणी सुरू होती. तिच्या चालकांनी मधेच हिशेब काढला. २,२८९ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण औषधाच्या बाजूला शेकडा २५.५ व दुसऱ्या बाजूला २४.६ निघाले, फरक नव्हता. अधिक माहिती गोळा झाल्यावर जुलै २०२३ मध्ये अमेरिकी प्रशासनानेही आपला इशारा मागे घेतला.

स्वीडनच्या त्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे साडेतीन हजार रुग्णांचा हा अभ्यास आजवरच्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी आहे. ज्यांचा पाय धोक्यात होता अशा रुग्णांत औषधी साधनांमुळे पाय कापण्याचे प्रमाण घटले नाही. ज्यांना केवळ चालताना दुखत होते, त्यांचे रोजचे जगणे वर्षभरानंतर साध्या साधनांपेक्षा अधिक सुखाचे झाले नव्हते. शिवाय या दुसऱ्या गटात पाच वर्षांच्या टप्प्यावर औषधाच्या बाजूला मृत्यू अधिक दिसले, जरी संपूर्ण कालावधीत तो फरक सांख्यिकीच्या कसोटीस उतरला नाही. म्हणून या गटातील रुग्णाशी डॉक्टरांनी ही गोष्ट मोकळेपणाने बोलावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

रोहिणी मोकळी राहणे आणि पाय वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या निष्कर्षांनी दाखविले. कागदावर जो आकडा चमकतो तो बहुधा पहिल्या गोष्टीचा असतो. घरच्या माणसाला हवी असते दुसरी.

गुडघ्याखालची गोष्ट वेगळी

आतापर्यंतचे विवेचन बहुतांशी मांडीच्या रोहिणीचे झाले. आपल्याकडील मधुमेही रुग्णांत पुष्कळदा गुडघ्याखालच्या बारीक रोहिण्याच बुजलेल्या असतात. तेथे पॅक्लिटॅक्सेलच्या फुग्याने अपेक्षाभंग केला. ३५८ रुग्णांच्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, औषधी फुगा साध्यापेक्षा सरस ठरला नाही. उलट पाय कापावे लागण्याचे प्रमाण त्या बाजूस अधिक दिसले आणि उत्पादकाने तो फुगा बाजारातून काढून घेतला. तेव्हा गुडघ्याखाली महागडा औषधी फुगा सुचविला गेल्यास त्याचे कारण अवश्य विचारावे.

फुग्याखेरीज दुसरा मार्गही आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पायातील नीला घेऊन अडथळ्याला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बायपास, अनेक दशके चालत आली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,८३० रुग्णांच्या चाचणीत, ज्यांची नीला चांगली होती अशा गटात बायपास केलेल्यांपैकी शेकडा ४२.६ जणांना पायाची मोठी आपत्ती किंवा मृत्यू ओढवला. फुगा-स्टेंटच्या बाजूला हेच प्रमाण ५७.४ होते. २०२३ मधील ब्रिटिश चाचणीत, गुडघ्याखालील रोगात, कौल उलट फुग्याच्या बाजूने गेला. दोन्ही मार्गांचे जाणकार एकत्र बसून जेथे निर्णय घेतात तेथे रुग्णाने जावे, हेच इष्ट.

नेरे, नाडी आणि उशीर

पनवेलजवळ नेरे येथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे कार्य अनेक वर्षे चालू आहे. कुष्ठरोगात पावलाच्या संवेदना जातात. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखमा होतात. परंतु रक्ताची वाट बहुधा मोकळी असते, म्हणून पावलावरचा भार काढला व जखम स्वच्छ ठेवली की ती भरते. मधुमेही पावलात मात्र दोन्ही संकटे एकत्र येऊ शकतात : संवेदना गेलेली आणि रक्तही तोकडे. अशा जखमेची रोज पट्टी बदलत बसणे म्हणजे मौल्यवान आठवडे वाया घालविणे होय.

ही दोन पावले वेगळी ओळखण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधील रेषेत मागे बोटे ठेवावीत; दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. तेथे नाडी लागते का ते पाहावे. काही निरोगी माणसांत वरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही जागा पाहाव्या. आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती हे सहज शिकू शकतात. पुढची तपासणी म्हणजे घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्यास दुसऱ्याने भागणे. त्यास रक्तदाबाचा पट्टा व हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर रोहिणी अरुंद आहे. १.४ च्या वर आले तर आनंद मानू नये. चुन्याने कडक झालेली रोहिणी पट्ट्याने दबत नाही, म्हणून आकडा फसवा येतो. मधुमेही रुग्णांत असे वारंवार घडते.

पाय गार पडतो म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा निखाऱ्यांचा शेक देण्याची आपल्याकडील चाल येथे घातक ठरते. बधिर, रक्तहीन पावलास चटका कळत नाही आणि तो भरत नाही. भातशेतीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याने रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पाहाव्यात; स्वतःला दिसत नसेल तर घरातील शाळकरी मुलाने पाहाव्यात. शिक्षकांना हा पाठ वर्गात देता येण्याजोगा आहे.

आणि ज्यांना फक्त चालताना दुखते त्यांना लगेच फुगा लागतो असे नाही. तंबाखू सोडणे, रक्त पातळ ठेवणारी व मेद उतरविणारी औषधे नियमित घेणे, आणि आठवड्यातून तीनदा तरी अर्धा ते पाऊण तास चालणे. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. तीन महिन्यांत पुष्कळांचे अंतर वाढते. वडाळे तळ्याकाठचे ते गृहस्थ नकळत योग्य तेच करीत असतात. फक्त त्यांची विडी कोणी तरी काढून घ्यावयास हवी, आणि रक्तातील साखर तपासावयास हवी.

कागद हाती आल्यावर

शिफारस करणाऱ्याने डॉक्टर व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. मात्र चार प्रश्न नम्रपणे विचारता येतात. अडथळा मांडीत आहे की गुडघ्याखाली? चुना कितपत आहे व तो कोणत्या तपासणीत दिसला? खरवडणी केल्यास स्टेंट टळेल, असे डॉक्टरांना वाटते का? बायपासचा विचार झाला का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर औषधी फुग्याचा खर्च बहुधा सार्थ असतो. उत्तरे टाळली गेली, तर दुसऱ्या रुग्णालयाचा सल्ला घ्यावा. जखम नसेल, तर आठ-दहा दिवसांच्या विलंबाने सहसा काही बिघडत नाही. बोट काळे पडत असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. पाय अकस्मात गार, पांढरा व बधिर पडला, तर तासांचा हिशेब असतो.

खर्चाच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवावे की, केंद्र शासनाने २०१७ मध्ये किमतीची जी कमाल मर्यादा घातली ती हृदयातील स्टेंटसाठी होती. पायाचा फुगा तिच्यात बसत नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली व त्यांच्या छापील किमतीत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही. म्हणून वेष्टनावरील छापील किंमत पाहण्याचा, आणि देयकासोबत त्या वेष्टनाची चिकटपट्टी मागण्याचा अधिकार रुग्णाने बजावावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. सुचविलेला उपचार योजनेतील कोणत्या शीर्षाखाली येतो आणि खरवडणीचे उपकरण व औषधी फुगा त्यात धरला आहे की नाही, हे दाखल होण्यापूर्वी त्याच्याकडून लेखी घ्यावे. दाखल झाल्यावर ही विचारणा फार अवघड होते.

उपचारानंतर रुग्ण घरी येतो तेव्हा पाय गरम झालेला असतो, वेदना गेलेली असते आणि गोळ्या महिन्याभरात बंद पडतात. पुन्हा बुजण्याची प्रक्रिया याच काळात, पहिल्या सहा ते बारा महिन्यांत, जोर धरते. सहाव्या महिन्याला डॉप्लर सोनोग्राफी व्हावी, गोळ्यांचे पाकीट दर महिन्याला पाहिले जावे आणि दोन्ही पावलांची नाडी तपासली जावी, एवढी नोंद आशा कार्यकर्तीच्या वहीत असली पाहिजे. दोन्ही पावलांची, कारण ज्या माणसाच्या एका पायाची रोहिणी बुजली, त्याच्या दुसऱ्या पायाची आणि हृदयाचीही त्याच वाटेवर असते.